क्लीनर साईड

आमच्या सासरी लग्नकार्यात माझी ओळख करून देण्याची एक ठरलेली रीत आहे. "ही वैशाली, आमची सून. बी.कॉम. आहे हं." मग एक घोट पाणी पिण्याइतका थांबा, आणि जरा खालच्या पट्टीत, "नळ्या वाकवते." समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर आधी हसू येतं, मग काळजी. एका मावशींनी तर माझा हात हातात घेऊन विचारलं होतं, "का गं, घरी काही कमी आहे का?"

काही कमी नव्हतं. डोंबिवलीच्या एमआयडीसीत आमचा एक गाळा आहे. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, तो उभा केला. केमिकल कंपन्यांना लागणाऱ्या धातूच्या बारीक नळ्या वाकवून, टोकं फुलवून, जोड बसवून द्यायच्या हा मुख्य धंदा; आणि हौस म्हणा, खोड म्हणा, जुन्या गाड्यांच्या पेट्रोलच्या नळ्या. अप्पांनंतर गाळा माझ्या नवऱ्याने चालवावा असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं. पण आमच्या ह्यांना पेट्रोलचा वास सहन होत नाही. पहिल्याच दिवशी ते चक्कर येऊन पडले आणि पडताना टेबलावरची, तीन दिवस खपून वाकवलेली नळी घेऊन पडले. अप्पांनी आधी नळी उचलली. ह्यांनी दुसऱ्या दिवसापासून बँकेच्या परीक्षेचा अभ्यास सुरू केला.

मी गाळ्यात फक्त अप्पांचा डबा द्यायला जायचे. एक दिवस ते म्हणाले, "जरा हे टोक धर." मी धरलं. त्याला सव्वीस वर्षं झाली. अजून सोडलेलं नाही.

ज्यांच्यावर कधी गाडीखाली आडवं व्हायची वेळ आली नाही, त्यांच्यासाठी सांगते. पेट्रोलची टाकी बहुतेक गाड्यांत मागे असते आणि इंजिन पुढे. मधे करंगळीएवढी एक नळी. तुमच्या स्वयंपाकघरात शेगडीच्या मागून जी नळी जाते, तिच्यावर तुमचा जेवढा जीव टांगलेला असतो, तेवढाच या नळीवर. फरक एवढाच, की ही नळी खड्ड्यांतून धावते. तिचे नियम साधे आहेत. ती तापणाऱ्या वस्तूपासून लांब हवी. मधे तिला कुबड नको, कारण तिथे वाफ साठते. ती हलता कामा नये, म्हणून वितीवितीवर चाप हवा. आणि पत्र्याच्या भोकातून जाईल तिथे तिला रबरी बांगडी हवी, नाहीतर पत्रा तिला कापत बसतो. पेट्रोल नळीतच उकळायला लागलं की त्याचे बुडबुडे होतात, पंप बुडबुडे ओढत बसतो आणि गाडी भर रस्त्यात बंद. हे झालं त्यातल्या त्यात बरं. नळी चिरली आणि खाली तापलेलं लोखंड असलं, तर काय होतं ते लिहायची गरज नाही.

नळी थेट वाकवत नाहीत. आधी जाड तारेचा नमुना करायचा, तो गाडीखाली बसवून बघायचा, मग त्याबरहुकूम नळी. माझी पहिली नळी मी अशी सुरेख केली होती, की अप्पांनी ती शेजारच्या गाळेवाल्यांना बोलावून दाखवली. तेरा वळणं. मग आम्ही ती गाडीत बसवायला गेलो. ती जाईना. तार लवते, नळी लवत नाही, आणि ती अखंड आत घालायची तर गाडीचं अंग चासीवरून उचलायला हवं, हे माझ्या बी.कॉम. डोक्यात आलंच नव्हतं. ती नळी अजून गाळ्यात भिंतीवर आहे. नवीन गिऱ्हाईक विचारतं, "हे काय, मॉडर्न आर्ट का?" मी हो म्हणते.

गिऱ्हाइकांचं एक बरं असतं, की ते आपल्याला नम्र राहू देत नाहीत. अजूनही फोनवर "साहेबांना द्या" म्हणतात. मी म्हणते, "साहेब बँकेत आहेत, कर्ज हवंय का?" एका घोडबंदरच्या तरुणाला पेट्रोलची नळी बॉनेटवरून, बाहेरून, चकचकीत न्यायची होती, लोकांना दिसावी म्हणून. मी त्याला म्हटलं, "तुझ्या पोटातली आतडीपण मी बाहेरून काढून देते, तीही दिसतील." तो गेला. त्याने दुसरीकडून करून घेतली असेल. मी केली नाही एवढंच मला पुरतं. करणार नाही म्हणता येणं हा या धंद्यातला अर्धा हुन्नर आहे, आणि तो मला नळी वाकवण्याच्याही आधी जमला, असं घरचे म्हणतात.

आता आमच्या भाषेतला एक शब्द सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. गाडीची उजवी बाजू म्हणजे ड्रायव्हर साईड आणि डावी म्हणजे क्लीनर साईड. ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या डाव्या हाताला क्लीनर बसतो, खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळून "आने दो, आने दो" ओरडतो, त्यावरून. मग तुमची गाडी कुठलीही असो, तिच्यात क्लीनर असो नसो, आमच्याकडे डावं ते क्लीनर साईड. अप्पांच्या तोंडी तर हे इतकं बसलंय, की डावं-उजवं हे शब्द ते वापरतच नाहीत. घरी प्लंबर आला तर त्याला सांगतात, "बेसिन क्लीनर साईडला सरकव." माझ्या सासूबाई होत्या तेव्हा ताट वाढताना त्यांना सूचना असायची: "चटणी क्लीनर साईडला, भाजी ड्रायव्हर साईडला." सासूबाई म्हणायच्या, "आणि भात काय टपावर ठेवू?"

डॉक्टरांची लाल गाडी आली ती यंदाच्या भर उन्हाळ्यात, टोचन लावून. डॉक्टर म्हणजे अप्पांचे जुने मित्र. पूर्वी आमच्या गल्लीत दवाखाना होता, आता निवृत्त होऊन कोलशेतला मुलाच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतात. गाडी इंग्लंडची, दोन माणसांची, टप उघडणारी, माझ्याहून वयाने मोठी आणि बांध्याने कितीतरी बरी. डॉक्टरांनी तीस वर्षांपूर्वी ती एका गोदामातून सांगाडा म्हणून घेतली आणि अप्पांनी तिच्यात पहिली नळी घातली. त्यानंतर कितीतरी वर्षं ती बिनबोभाट धावली.

गेली चार-पाच वर्षं मात्र ती शीळफाट्याला बंद पडायची. फक्त शीळफाट्यालाच. ट्रॅफिकमध्ये अर्धा तास अडकली, की गप्प. सावलीत तासभर उभी केली, की पुन्हा चालू. डॉक्टर हसून म्हणायचे, "तिथे तिचं माहेर असावं." पंप बदलला, कार्बुरेटर साफ झाला. दोन वर्षांपूर्वी मीच रबराचे दोन जोड बदलले. हल्लीचं पेट्रोल जुनं रबर आतून खातं, त्यामुळे तो दोष मला लगेच पटला. तेव्हा मी गाडीखाली फक्त जोडापुरतं पाहिलं. नळी अप्पांनी टाकलेली, तिच्याकडे बघायचं काय? सासऱ्यांनी वाढलेल्या ताटात कोणी खडे शोधतं का? हे मी नम्रपणा म्हणून लिहीत नाही. चूक होती म्हणून लिहिते.

या खेपेला गाडी नुसती बंद पडली नव्हती, धूर आला होता. आणि येत्या रविवारी डॉक्टरांना काकूंना घेऊन मुरबाडच्या पुढे आपल्या गावी जायचं होतं. लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून. याच गाडीतून.

"जशी आहे तशी नळी काढ आणि तशीच नवी टाक," डॉक्टर म्हणाले. "अप्पांचं काम आहे, त्यात डोकं लावू नकोस."

गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली, टाकी रिकामी केली आणि मी चाकांच्या फळीवर आडवी होऊन खाली गेले. बावन्नाव्या वर्षी खाली जाणं सोपं असतं. बाहेर येताना फळी आधी येते आणि मी मागून.

खाली पाहिलं आणि पाहतच राहिले. धुराचा पाईप, म्हणजे इंजिनातून निखाऱ्यासारखा तापून निघणारा एक्झॉस्ट, डाव्या बाजूने मागे जात होता. आणि त्याला समांतर, चार बोटांवर, अप्पांची पेट्रोलची नळी. तांब्याची, काळी पडलेली. मागच्या रबरी जोडाला भेगा. पंधरा दिवस आणखी, फार तर महिना.

पहिला विचार आला तो असा, की मी चुकीचं बघतेय. अप्पा असं करणारच नाहीत. दुसरा विचार करायच्या आधी मी उजव्या बाजूला बॅटरी मारली. चासीवर वितीवितीच्या अंतरावर भोकं होती. चिखलाने बुजलेली, पण कारखान्यातली, एका रेषेत. मूळ नळी इथूनच जात होती. हे अप्पांना दिसलं नसेल?

मग मला तो पत्रा दिसला. नळी आणि धुराचा पाईप यांच्या मधे कधीकाळी एक आडोसा ठोकलेला होता. आता त्याचा गंजलेला काठ उरला होता, दोन स्क्रू आणि पंज्याएवढा एक तुकडा. मी तो तुकडा काढून पुसला. एका बाजूला रंग शिल्लक होता. गुलाबाचं अर्धं फूल आणि सोनेरी पट्टी.

आमच्या घरी एक डबा आहे. गुलाबाच्या फुलांचा, सोनेरी पट्टीचा, बिनझाकणाचा. सासूबाई त्यात बेसनाचे लाडू ठेवायच्या, वर ताटली झाकून. त्याचं झाकण एका दिवाळीत नाहीसं झालं. कामवाली, शेजारीण आणि मोठी नणंद, तिघींवर संशय घेऊन झाला होता. शेजारणीशी तर वर्षभर बोलणं बंद होतं. अप्पा तेव्हा काही बोलले नव्हते.

आडोसा गंजून गेला होता, म्हणून आता पेट्रोल उकळत होतं. आणि आडोसा लावला होता, म्हणजे इथे धोका आहे हे लावणाऱ्याला माहीत होतं.

अप्पांची एक जाड वही आहे, प्रत्येक गाडीची नळी कशी नेली ते लिहिलेली. मी ती काढली. 'डॉक्टरांची लाल गाडी. पुस्तकाप्रमाणे. क्लीनर साईड.' वहीभर शोधलं. 'पुस्तकाप्रमाणे' हा शब्द बाकी एकाही पानावर नाही. इथे त्याच्याखाली दोन रेघा.

मी जुनी नळी तीन ठिकाणी कापली. आता कोणी म्हटलं तरी गाडी तशीच चालवून नेता येणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, काकूंना घेऊन. मी सांगितलं, नळी उजव्या बाजूने नेणार. डॉक्टरांनी पिशवीतून पुस्तक काढलं. त्यांच्या अमेरिकेतल्या भावाने तेव्हा पाठवलेलं, या गाडीचं, कव्हर घातलेलं. ज्या पानावर खूण होती ते उघडून त्यांनी बोट ठेवलं. "वाच. इंग्रजी येतं ना? पॅसेंजर साईड. बसणाऱ्याच्या बाजूने. हे मी स्वतः अप्पांना वाचून दाखवलंय."

"आणि अप्पा काय म्हणाले?"

"म्हणाले, म्हणजे क्लीनर साईड."

मी शेजारच्या चित्राकडे पाहिलं. "डॉक्टर, या चित्रात स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे?"

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर नेला, पुन्हा खाली आणला. चित्रात स्टिअरिंग डावीकडे होतं. पुस्तक अमेरिकेचं, तिथे ड्रायव्हर डावीकडे बसतो. त्यांची बसणाऱ्याची बाजू ती आपली ड्रायव्हर साईड. तीस वर्षं ते पुस्तक दिवाणखान्यातल्या कपाटात होतं आणि ते चित्र त्यात.

"इंजिन तेच आहे," डॉक्टर म्हणाले. आवाज चढला होता.

"तेच आहे. धुराचा पाईपपण तिथेच आहे. ड्रायव्हर तेवढा इकडचा तिकडे झालाय."

"सूनबाई, मी चाळीस वर्षं औषधं लिहून दिली आहेत. मला वाचता येत नाही असं म्हणायचंय तुला?"

"मी एवढंच म्हणतेय, की त्या बाजूने नळी मी टाकणार नाही."

"मग मी ठाण्याला नेतो गाडी. तिथे माझं ऐकणारे आहेत."

"न्या. ढकलत न्या, नळी मी कापून ठेवलीय. आणि त्यांना सांगा, डोंबिवलीच्या बाईने नाही म्हटलं होतं."

डॉक्टरांनी माझ्या दोन्ही मुलांचे ताप उतरवले आहेत. त्यांच्याशी असं बोलायची आमच्या घरात पद्धत नाही. पण रविवारी त्या डाव्या सीटवर काकू बसणार होत्या, आणि खाली तेच सगळं.

काकू आतापर्यंत स्टुलावर बसून पदराने वारा घेत होत्या. त्यांनी विचारलं, "एक मिनिट. क्लीनर साईड म्हणजे माझी बाजू?"

"हो."

"म्हणजे इतकी वर्षं मी ह्यांच्या गाडीची क्लीनर?" त्या खो-खो हसायला लागल्या. मग एकदम थांबल्या. "अहो, माझे तळपाय भाजतात म्हणून मी ओरडतेय ना? पहिल्यापासून. तुम्ही काय म्हणालात? आधी म्हणालात नवीन चपला चावतायत, मग म्हणालात शुगर तपासून घे. शुगर तपासली मी, दोनदा!"

"तुमच्या पायाखालीच तो तापलेला पाईप आहे, काकू," मी म्हटलं. "आणि त्याला लागून पेट्रोल."

डॉक्टर म्हणाले, "अप्पांना विचारू. अप्पा म्हणाले चूक, तर चूक."

अप्पा चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. गुडघ्यांमुळे दोन वर्षांत गाळ्यात आलेले नाहीत. राजापूरकडून चौदाव्या वर्षी आलेला हा माणूस, शिक्षण चौथी, पण त्यांच्या नळीला चूक निघाली असं मी कधी ऐकलेलं नाही. मोठमोठ्या इंजिनियरांना त्यांनी "तुमचा कागद चुकलाय" म्हणून परत पाठवलेलं. मी त्यांच्याकडून शिकले ते नुसतं वाकवणं नाही, ती मान ताठ ठेवणंही. आणि आता त्या मानेसमोर मलाच जाऊन उभं राहायचं होतं.

संध्याकाळी मी ताट वाढलं. चटणी उजवीकडे, भाजी डावीकडे.

अप्पांनी पाहिलं. "चटणी ड्रायव्हर साईडला का गं?"

"ताट अमेरिकेहून आलंय, अप्पा. तिथे ड्रायव्हर डावीकडे बसतो."

आमच्या ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाच पेट्रोलची चक्कर आलीय. अप्पांनी मात्र हात मागे घेतला. मी पत्र्याचा तुकडा ताटाशेजारी ठेवला, गुलाबाची बाजू वर करून.

"सापडलं होय झाकण," अप्पा म्हणाले.

"आई शेजारणीशी वर्षभर बोलल्या नाहीत. तुम्ही का नाही सांगितलंत?"

"झाकण कुठे लावलं म्हणून विचारलं असतं तिने. मग का लावलं तेही विचारलं असतं." त्यांनी तुकडा उलटा केला. "भोकं दिसली होती मला. उजव्या अंगाची." डावं-उजवं हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. "हाताला कळत होतं, हे चुकतंय. पण डॉक्टर समोर उभा, चष्मा लावून, इंग्रजी पुस्तक वाचतोय. सहा जण ऐकतायत. मी म्हटलं, एवढं मोठं पुस्तक, आपण चौथी पास. नसेल कळत आपल्याला. घरी आलो आणि झोप लागेना. मग झाकण घेऊन गेलो, गुपचूप."

"आणि पहिल्या फेरीला बसलात?"

आमच्या गाळ्याचा नियम आहे: ज्याने नळी टाकली, त्याने पहिल्या फेरीला गाडीत बसायचं. मालक मग.

"बसलो तर. शीळफाट्यापर्यंत. माझेपण तळपाय भाजले." मग म्हणाले, "आयुष्यात एकदाच दुसऱ्याचं ऐकलं बघ."

मग त्यांनी ताट स्वतः फिरवलं, चटणी जागेवर आणली आणि जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा रिक्षाने गाळ्यात आले. धुतलेला शर्ट, काठी, आणि चेहरा असा, जणू गाळ्याची झडती घ्यायला आलेत. डॉक्टर आणि काकू आधीच बसले होते. मला वाटलं होतं, अप्पा माफी मागतील आणि ते मला बघवणार नाही. मी उगाच तार सरळ करत उभी राहिले.

"डॉक्टर," अप्पा म्हणाले, "सून बरोबर आहे. नळी उजवीकडूनच जाणार. आणि मला तेव्हाच माहीत होतं."

"अहो, मग बोलायचं नाही का अप्पा?"

"तू वाचत होतास ना."

"म्हणून काय झालं? मी काय गाडीतला आहे? मी गळ्यात नळी घालणारा माणूस! तुमच्या तोंडाकडे बघून मी नुसतं वाचत होतो. मला वाटलं, तुम्ही हो म्हणताय म्हणजे बरोबर असणार."

एकाने पुस्तकावर विश्वास ठेवला, कारण दुसरा ते वाचत होता. दुसऱ्याने स्वतःच्या वाचण्यावर ठेवला, कारण पहिला मान डोलावत होता. आणि या दोन शहाण्यांच्या मधोमध काकूंचे पाय भाजत होते.

"तुमचं झालं असेल तर," काकू म्हणाल्या, "तिला काम करू द्या. रविवार परवा आहे."

मी कामाला लागले. तारेचा नमुना टाकीपासून पुढे, उजव्या अंगाने. अप्पा खुर्चीवर बसून काठीने दाखवायला लागले, "तिथे जरा वर घे, कुबड येतंय." मी म्हटलं, "कुबड नाही ते, तुमचा चष्मा आहे." त्यांनी काठी खाली घेतली. पाच मिनिटांनी मी तिथेच जरा वर घेतलं. कुबड होतं. दोघांनीही त्याचा उल्लेख केला नाही.

तांब्याऐवजी या खेपेला तांबं-निकेलच्या मिश्र धातूची नळी घेतली. ती हादऱ्यांनी कडक होऊन तडकत नाही. अखंड न करता दोन तुकड्यांत केली, भिंतीवरच्या मॉडर्न आर्टला स्मरून. कारखान्याची भोकं खिळ्याने साफ केली आणि प्रत्येक भोकात चाप असा बसला, जणू ती भोकं इतकी वर्षं वाटच बघत होती. हल्लीच्या पेट्रोलला टिकणारं रबर जोडांना. शेवटी नळीत हवा भरून प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावला. एकाही जोडावर बुडबुडा नाही. आणि काकूंच्या पायाखाली, धुराच्या पाईपवर, नवा जाड पत्रा ठोकला. विकत आणलेला. घरातल्या डब्यांना हात लावला नाही.

पहिली फेरी. नियमाप्रमाणे मी डाव्या सीटवर. डॉक्टर स्टिअरिंगवर. ऊन भाजून काढत होतं आणि शीळफाट्याने आम्हाला निराश केलं नाही. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, बाजूला टँकर, आणि मधे आमची लाल, टप उघडलेली, डबीएवढी गाडी. दहा मिनिटं. वीस मिनिटं. डॉक्टर तापमानाच्या काट्याकडे बघत होते, मी चपला काढून अनवाणी तळपाय खालच्या पत्र्यावर टेकवले होते. ऊब येत होती, गुडघ्यांना शेक दिल्यासारखी. पेट्रोलचा वास नाही. पंपाची टकटक ऐकत होते मी, आणि ती थकत नव्हती.

शेजारच्या टँकरचा ड्रायव्हर वरून वाकून ओरडला, "मॅडम, ये चलती भी है, या सिर्फ फोटो के लिए?"

"तुम आगे तो बढ़ो," मी म्हटलं, "फिर दिखाती हूँ."

अर्ध्या तासाने जागा झाली. डॉक्टरांना गाडी डावीकडे घ्यायचं धाडस होईना, तेव्हा मी सीटवर गुडघे टेकून उभी राहिले, अर्धी बाहेर लोंबकळले आणि सगळ्या शीळफाट्याला ऐकू जाईल असं ओरडले, "आने दो! आने दो!" बी.कॉम. आहे मी.

गाडी बंद पडली नाही.

गाळ्यात परतलो तर अप्पा वही उघडून बसले होते, त्याच पानावर. त्यांनी उठून बॉनेटवर हात ठेवला, इंजिन चालू होतं तेवढा वेळ ठेवला, आणि मग पेन माझ्याकडे दिलं. त्यांची बोटं आता थरथरतात, लिहिणं मीच करते.

मी 'क्लीनर साईड'वर रेघ मारायला गेले, तर काठी टेबलावर आपटली. "खोडू नकोस. जे केलं ते केलं. खाली लिही."

मी खाली लिहिलं, 'नळी उजव्या अंगाने नेली.' तारीख घातली. "आणखी काही?"

डॉक्टर पुस्तक बंद करून पिशवीत घालत होते. काकू दार उघडून आपल्या सीटवर बसून बघत होत्या, चपला काढून.

अप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"लिही," ते म्हणाले, "या गाडीत क्लीनर नसतो."